वेल्डिंगचा ट्रॅव्हल स्पीड दर वेळी वेगळा येतोय? आधी स्टॉपवॉचचा आकडा कसा लिहिलाय ते बघा

आमच्या शॉपमध्ये हा त्रास जवळजवळ वर्षभर चालला, दर महिन्याला तीच बोंब, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय, कारण मला खात्री आहे की भोसरी असो, चाकण असो नाहीतर शिरोली, कुठल्या ना कुठल्या शॉपच्या नोंदीच्या शीटवर हीच चूक आजही चालू असणार.

जॉब साधा होता. पंपाच्या बेसफ्रेम, चॅनेल आणि प्लेट, १.२ मिमीची सॉलिड तार, आर्गन-सीओटू ८०-२० गॅस, ड्रॉइंगला ६ मिमी फिलेट, म्हणजे काटकोनाच्या कोपऱ्यात बसणारं त्रिकोणी वेल्ड, आणि एका फ्रेमला सगळं मिळून २४ मीटर वेल्ड. मशीन एकच, सेटिंग एकच, साधारण २६० अँपिअर आणि २८ व्होल्ट, वेल्डर पण तेच. तरी शीटवर ट्रॅव्हल स्पीड, म्हणजे टॉर्च जॉइंटवर पुढे सरकण्याचा वेग, कधी ६६७ मिमी प्रति मिनिट, कधी ४३५, कधी ४००. स्पीड हलला की हीट इनपुट, म्हणजे वेल्डच्या दर मिमीला जाणारी उष्णता, पण हलणारच, त्यामुळे तोही एका दिवसात ०.६६ पासून १.०९ किलोज्यूल प्रति मिमीपर्यंत उड्या मारायचा आणि क्वालिटीवाले डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्ड कसं करायचं त्याच्या ठरलेल्या मर्यादांचा कागद, घेऊन उभे. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त झोंबायची, प्लॅनिंगच्या हिशोबाने शिफ्टला साडेतीन फ्रेम निघायला हव्यात आणि आमच्या निघायच्या दोन. दीड फ्रेम कुठे जाते याचं उत्तर मिटिंगमध्ये एकच, वेल्डर हात हळू चालवतात. ओव्हरटाइम लावा, डोक्यावर उभे रहा.

या सगळ्यात एक पॅटर्न दिसत होता आणि त्याचा अर्थ आम्ही चुकीचा लावला. छोट्या वेल्डला स्पीड जास्त दिसायचा, लांब वेल्डला कमी. मग कुणीतरी म्हणालं की लांब वेल्डला हात जड पडतो, खांदा भरून येतो, माणूस हळू होतो. ऐकायला पटतं. मलाही पटलं होतं. आमचे एक जुने वेल्डर आहेत, मी त्यांना मामा म्हणतो, वीस वर्षं टॉर्च धरलेला माणूस, त्यांना हे सांगितलं तर ते हेल्मेट वर करून एवढंच म्हणाले, "साहेब, हात तोच हाय, तारपण तीच. तुमचा कागद बघा एकदा."

म्हणून एका सुट्टीच्या दिवशी, शॉप शांत असताना, मी आणि मामा तिघां-चौघांचा गोतावळा न जमवता बसलो. फ्रेंच चॉकने जॉबवर खुणा केल्या, एक ३०० मिमीची, एक ५०० ची, एक ८०० ची. खुणा वेल्डच्या टोकाला नाही केल्या, दोन्ही बाजूंनी तीसेक मिमी आत, कारण आर्क पेटल्यावर पहिले वीस-पंचवीस मिमी हात स्थिरावत असतो आणि शेवटी क्रेटर, म्हणजे टोकाचा खळगा, भरायला थांबावं लागतं, ते दोन्ही धरलं तर स्पीड कमी दिसतो. आर्क पहिल्या खुणेवर आली की घड्याळ चालू, दुसऱ्या खुणेवर आली की बंद. मोबाईलचं स्टॉपवॉच.

३०० मिमीला ४५ सेकंद. ५०० ला १ मिनिट १५ सेकंद. ८०० ला बरोबर २ मिनिटं.

आता हे जरा हातानेच करून बघा. ३०० भागिले ४५ गुणिले ६० म्हणजे ४००. ५०० ला एकूण ७५ सेकंद, म्हणजे ४००. ८०० ला १२० सेकंद, परत ४००. मामांचा हात ८०० मिमीमध्ये सुद्धा जराही हलला नव्हता, मी तर बघतच राहिलो.

मग त्याच आकड्यांवर रोजची शीट कशी भरली जाते ते बघितलं. ४५ सेकंद लिहिलेत ०.४५ मिनिट. ३०० भागिले ०.४५ म्हणजे ६६७. १ मिनिट १५ सेकंद लिहिलेत १.१५, ५०० भागिले १.१५ म्हणजे ४३५. २ मिनिटं म्हणजे २.००, तिथे चूक व्हायला जागाच नाही, ४००. आलं लक्षात? शीटवरचे तिन्ही आकडे इथून निघाले. मिनिटात ६० सेकंद असतात आणि दशांश चिन्हापुढे १०० भाग असतात, आपण स्टॉपवॉचवरचा कोलन काढून तिथे टिंब ठेवतो आणि संपलं. ४५ सेकंद म्हणजे ०.७५ मिनिट. १ मिनिट १५ म्हणजे १.२५.

ही चूक इतके दिवस लपून राहते कारण ती दर वेळी सारखी नसते. एका मिनिटाच्या आतलं माप असेल तर स्पीड सरळ १.६७ पट होतो, १ मिनिट ५० ला २२ टक्के जास्त, १ मिनिट १५ ला जेमतेम ९ टक्के, आणि पूर्ण मिनिटावर शून्य. सगळे आकडे एकाच प्रमाणात चुकले असते तर कुणीतरी कधीच पकडलं असतं, हे वरखाली होतात म्हणून माणसाच्या हातावर ढकललं जातं. आणि शिकलेली, डिप्लोमावाली मुलंच करतात हे, घाईत, कारण खाली पुढचा जॉब वाट बघत असतो.

उपाय सोपा केला. शीटवरचा मिनिटांचा कॉलमच काढून टाकला. वेळ फक्त सेकंदात लिहायची, आणि सूत्र एकच, लांबी मिमीमध्ये गुणिले ६० भागिले सेकंद. एक्सेलमध्ये 'वेळ' फॉरमॅटचा सेल ठेवू नका, तिथे १:१५ टाकलं की ते १ तास १५ मिनिटं समजतं आणि आतमध्ये दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवतं, पुढचा भागाकार काहीतरी भलताच येतो. साधा नंबर सेल, ७५ लिहा. अजून एक, मोबाईलवर ००:४५.३२ दिसतं त्यातलं ४५.३२ हे सेकंद आहेत, ते खरोखरचे दशांश आहेत, ते तसेच घ्या.

पण खरं सांगायचं तर नुसतं गणित सुधारून माझं समाधान झालं नाही, कारण कागद एकदा चुकला तर परत चुकू शकतो, आणि उद्या परत कुणीतरी म्हणेल की आज तुम्ही उभे होतात म्हणून मामा हळू चालले. मला दुसरा साक्षीदार हवा होता. तो तारेत सापडला, आणि या पोस्टमधलं एवढं एक जरी तुम्ही शॉपमध्ये करून बघितलं तरी मला बरं वाटेल.

विचार असा आहे. मिनिटाला जेवढी तार आत जाते तेवढंच मेटल वेल्डमध्ये उतरणार, स्पॅटर म्हणून उडून जातं ते थोडं सोडून. १.२ मिमी तारेचा छेद १.१३ चौरस मिमी. आमची तार मिनिटाला ८ मीटर जात होती, म्हणजे मिनिटाला साधारण ९०५० घन मिमी मेटल. सॉलिड तार आणि आर्गन मिक्सला ९५ टक्के धरा, ८६०० उरले. हे मेटल मिनिटात किती लांबीवर पसरलं यावर वेल्डची जाडी ठरते. स्पीड ४०० असेल तर ८६०० भागिले ४०० म्हणजे २१.५ चौरस मिमी छेद. फिलेटचा छेद म्हणजे लेगचा, त्रिकोणाच्या एका उभ्या-आडव्या बाजूचा, वर्ग भागिले दोन, सपाट बीड धरून, त्यामुळे लेग आला ६.५ मिमी. स्पीड खरंच ६६७ असता तर छेद १२.९ आणि लेग जेमतेम ५ मिमी.

वेल्डला लेग मोजायचा गेज लावला. साडेसहा. परत दुसऱ्या फ्रेमला लावला, दोन-तीन ठिकाणी, साडेसहाच्या आसपासच. तार आणि गेज मामांच्या बाजूने बोलत होते.

आणि इथेच कळलं की प्लॅनिंगला शंका का आली नाही. त्यांनी ६६७, ४३५ आणि ४०० अशा आकड्यांची सरासरी काढून ५०० धरला होता. ५०० ला छेद येतो १७.२, लेग ५.९, म्हणजे ड्रॉइंगच्या ६ ला अगदी चिकटून. कागदावर सगळं जुळत होतं, म्हणून जॉबवर गेज लावायला कुणी आलंच नाही.

तारेचा वेग कसा मोजायचा ते पण सांगतो कारण त्यात पण गंमत होते. डायलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, बऱ्याच जुन्या मशीनवर तर १ ते १० असे नुसते आकडे असतात. गॅस बंद करा, तार नोझलपाशी कापा, टॉर्च माणसांपासून आणि जॉबपासून लांब धरा कारण ट्रिगर दाबला की तारेला व्होल्टेज असतं, ती कुठे टेकता कामा नये. १५ सेकंद ट्रिगर दाबा, बाहेर आलेली तार कापा, मोजा, चारने गुणा. आमची २ मीटर आली म्हणजे मिनिटाला ८. इंच बटणावर, म्हणजे आर्कशिवाय तार पुढे सारायच्या बटणावर, मोजू नका, काही मशीनला इंचिंगचा वेग वेगळा असतो. सुरुवातीला सावकाश तार सोडणारी सेटिंग असेल तर ती पण बंद करून घ्या. दोन मीटर तार म्हणजे १८ ग्रॅम, वाया गेली म्हणून जीव हळहळू देऊ नका.

रॉडच्या कामाला तार नाही, पण मार्ग तोच. ई-७०१८ जातीचा, ३.१५ मिमी जाडीचा, ४५० मिमी लांब रॉड घ्या, थुटका, म्हणजे उरलेलं टोक, दर वेळी ५० मिमीच ठेवायचा हे वेल्डरला आधी सांगा, रॉड किती सेकंद जळला आणि त्यातून किती मिमी बीड पडलं एवढं लिहा. समजा ८० सेकंदात १८० मिमी पडलं तर स्पीड १३५ मिमी प्रति मिनिट. थुटके कुणी ५० चे ठेवतं कुणी ९० चे, मग दोन वेल्डरची तुलना करण्यात अर्थ राहत नाही.

स्पीड मोजताना अजून काही ठिकाणी आम्ही अडखळलो, ते भराभर सांगतो. व्हर्टिकलला वेल्डर वीव्ह करतो तेव्हा टॉर्च इकडून तिकडे केवढी फिरली ते धरायचं नाही, जॉइंटच्या रेषेवर किती पुढे गेलो तेवढंच. तुटक वेल्ड असेल तर मधली रिकामी जागा लांबीत घ्यायची नाही आणि टॉर्च उचलून पुढे नेण्याचा वेळ पण घ्यायचा नाही. ५०-६० मिमीच्या तुकड्याला आठ-नऊ सेकंदच लागतात, त्यात बोटाला अर्धा सेकंद उशीर झाला तर पाच-सहा टक्के गेले, म्हणून पाच-सहा तुकड्यांची लांबी आणि वेळ एकत्र करून भागा. एका सलग मापाला निदान ३०० मिमी तरी हवेत. आणि परदेशी कस्टमरचा डब्ल्यूपीएस असेल तर युनिट नीट बघा, कुठे इंच प्रति मिनिट असतं, कुठे सेंटिमीटर, कुठे मिमी प्रति सेकंद. १६ इंच प्रति मिनिट म्हणजे ४०६ मिमी, हे एकदा लिहून भिंतीवर लावलं तरी पुरे.

हीट इनपुटला अजून एक गोंधळ असतो जो स्पीड बरोबर असूनही होतो. अमेरिकन एएसएमई कोडच्या सेक्शन नाइनमधल्या साध्या सूत्रात व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले ६० भागिले स्पीड, बस. युरोपियन स्टँडर्ड ईएन १०११ मध्ये त्याला प्रोसेसचा गुणक लागतो, मिग-मॅगला, म्हणजे आमच्यासारख्या तारेच्या वेल्डिंगला, आणि रॉडला ०.८, टिगला ०.६, सबमर्ज्डला, म्हणजे पावडरीखाली आर्क चालते त्याला, १. आमच्या ४०० स्पीडला पहिल्या पद्धतीने १.०९ किलोज्यूल प्रति मिमी येतो आणि दुसऱ्या पद्धतीने ०.८७. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाची मर्यादा आणि दुसऱ्याचं मोजमाप समोरासमोर ठेवलं की वीस टक्क्यांचं भांडण फुकट लागतं. कुठलं सूत्र वापरलंय ते शीटवर लिहा.

आता दीड फ्रेमचा प्रश्न. हा माझ्या मते जास्त महत्त्वाचा कारण यावरूनच माणसांना बोलणी बसत होती.

प्लॅनिंगचा हिशोब मी मागून घेतला. २४ मीटर भागिले ५०० चा स्पीड, ४८ मिनिटं आर्क. त्याला भागिले ०.६, आली ८० मिनिटं. वर हँडलिंगची ४० मिनिटं, एकूण १२०. चहा-जेवण वजा करून शिफ्टची ४२० मिनिटं, म्हणून साडेतीन फ्रेम. मी विचारलं हे ०.६ कुठून आणलं, तर म्हणाले मशीनच्या प्लेटवर ६० टक्के लिहिलंय.

तो ड्यूटी सायकल आहे हो. ४०० अँपिअरला ६० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं त्या करंटला आर्क चालवली आणि चार मिनिटं थंड होऊ दिलं तर मशीन गरम होऊन बंद पडणार नाही. ते मशीनच्या सहनशक्तीचं माप आहे. माणूस शिफ्टमध्ये किती वेळ आर्क पेटवून असतो त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. हाताने मिग करणाऱ्या वेल्डरचा आर्क-ऑन साधारण २५ ते ४० टक्क्यांत बसतो, रॉडवाल्याचा त्याहून कमी, कारण रॉड बदलणं आणि स्लॅग काढणं आहे. हाताच्या कामाला ६० धरणं म्हणजे माणसाला रोबोटच्या रांगेत उभं करणं.

आमचा खरा आर्क-ऑन किती, हे शोधायला कुणाच्या डोक्यावर घड्याळ घेऊन उभं रहायची गरज पडली नाही, आणि मला ते करायचं पण नव्हतं, माणूस अवघडतो आणि आकडा पण खोटा येतो. परत तारच कामाला आली. १.२ तारेचा एक मीटर भरतो ८.८८ ग्रॅम. मिनिटाला ८ मीटर म्हणजे ७१ ग्रॅम, तासाला ४.२६ किलो. सकाळी शिफ्ट चालू होताना स्पूल काट्यावर ठेवला, संध्याकाळी परत ठेवला. तार गेली ८.५ किलो. ८.५ भागिले ४.२६, म्हणजे दोन तास. ४२० मिनिटांत १२० मिनिटं आर्क, साधारण २८-२९ टक्के. आणि दोन फ्रेमचं ४८ मीटर वेल्ड ४०० च्या स्पीडने करायला पण बरोबर १२० मिनिटंच लागतात. दोन वेगळ्या बाजूंनी मोजलं आणि एकाच जागी येऊन थांबलं, त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

म्हणजे एका फ्रेमला एक तास आर्क आणि दोन तास वीस-तीस मिनिटं बाकीचं. ते बाकीचं काय, ते मामांनीच बोटावर मोजून सांगितलं. फ्रेम उलटी करायला क्रेन लागते आणि क्रेन दुसऱ्या बेला, म्हणजे शॉपच्या दुसऱ्या भागात, अडकलेली असते, ते सगळ्यात मोठं. मग फिटअपमध्ये, म्हणजे तुकडे जुळवण्यात, गॅप आला की थांबून फिटरला हाक मारायची. नोझलमधला स्पॅटर, टिप जळाली की टिप आणायला स्टोअरला चालत जायचं, तिथे स्लिप. यातलं एकही काम वेल्डर आळशी आहे म्हणून होत नव्हतं.

इथे हिशोब करून बघितला तर डोळे उघडतात. वेल्डरला रेटून स्पीड १० टक्क्यांनी वाढवला, ४०० चा ४४०, तर फ्रेममागे साडेपाच मिनिटं वाचतात, दोनशे मिनिटांत साडेपाच, आणि त्यासाठी फ्युजन, म्हणजे मेटल एकमेकांत वितळून मिसळणं, कमी पडायचा धोका घ्यायचा. क्रेनची वाट बघणं निम्मं केलं तर त्याच्या तिप्पट-चौपट वाचतं आणि वेल्डला हात पण लागत नाही.

आम्ही केलं ते असं. टिप आणि नोझलचा छोटा डबा प्रत्येक बेला ठेवला. फ्रेम उलटवायला दोन टोकांना बेअरिंगवर फिरणारं साधं फिक्स्चर शॉपमध्येच बनवलं, आता एक हेल्पर हाताने फ्रेम फिरवतो, क्रेन फक्त चढवायला आणि उतरवायला. आणि लेग साडेसहाचा सहावर आणला, मामांना सांगितलं की ड्रॉइंगला सहाच हवाय, जास्तीचं कुणी मागितलेलं नाही. त्यांनी तारेचा वेग न बदलता हात जरासा पुढे नेला, ४४० च्या आसपास, आणि सलग महिनाभर गेज सहाला लागत राहिला. इथे वाढलेला स्पीड रेटून आलेला नाही, जास्तीचं मेटल टाकणं थांबलं म्हणून आलेला आहे, आणि तरी आम्ही डब्ल्यूपीएसच्या हद्दीत बसतोय ते तपासूनच पुढे गेलो. जास्त लेगचं नुकसान किती असतं ते बघा, ६ च्या जागी कुणी ८ चा फिलेट मारला तर छेद १८ चा ३२ होतो, म्हणजे पावणेदोन पटीहून जास्त तार आणि तेवढाच जास्त वेळ, शिवाय जॉब वाकतो तो वेगळाच.

आता शिफ्टला अडीच फ्रेम निघतात, कधी त्याच्या थोड्या वर. साडेतीन निघत नाहीत आणि प्लॅनिंगने ते मान्य केलंय, कारण आता त्यांच्याकडे स्पूलच्या वजनाची वही जाते.

एक राहिलं, गोल जॉबवाल्यांसाठी. आमच्याच शेजारच्या शॉपमध्ये १५०० मिमी व्यासाचा शेल, म्हणजे टाकीचं गोल अंग, रोटेटरच्या फिरत्या रोलरवर ठेवून सबमर्ज्ड चालतं. घेर ४७१२ मिमी, स्पीड हवा ५००, भागाकार येतो ९.४२ मिनिटं. तिथला ऑपरेटर एक फेरी ९ मिनिटं ४२ सेकंदांना लावत होता, म्हणजे आमचीच चूक उलट्या बाजूने. खरे होतात ९ मिनिटं २५ सेकंद. रोलर कधी कधी घसरतो, म्हणून त्यांना सांगितलं की रोलरचे आकडे बघू नका, शेलवरच चॉकची खूण करा आणि ती परत त्याच जागी यायला किती लागतात ते मोजा, आणि आतून वेल्ड करताना आतला व्यास धरा, ४० मिमी प्लेट असेल तर त्याच फेरीला आतला स्पीड पाच टक्क्यांनी कमी असतो. त्यांनी रोटेटरच्या पॅनेलवर पिवळ्या ऑइलपेंटने '५६५ सेकंद' एवढंच लिहून ठेवलंय.